विज्ञानातील अध्ययन निष्पत्ती व शिक्षक (सिंधुदुर्ग जिल्हा)

विज्ञानाच्या अध्ययनानंतर विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे, याचे इयत्तावार व निरीक्षणाने पडताळता येण्याजोगे विधान म्हणजे अध्ययन निष्पत्ती. काय शिकवावे हे अभ्यासक्रम सांगतो. काय साधले हे ठरविण्याचा निकष निष्पत्ती पुरविते. हा निकष शिक्षक कोणत्या अर्थाने घेतो, यावर त्याची उपयुक्तता अवलंबून असते.

कोठारी आयोगाने (१९६४–६६) शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान सर्वांना अनिवार्य करण्याची शिफारस केली. पुढे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने (स्थापना १९७४) जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात केलेल्या कार्यातून पाठ्यपुस्तकाची बोजड भाषा हाच विज्ञानाच्या आकलनातील मोठा अडथळा असल्याचे पुढे आले. घरी मालवणी बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

रत्नागिरीपासून १ मे १९८१ रोजी वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात निकषांची ही भाषा राज्यातील इतर जिल्ह्यांप्रमाणेच वरून आली. दवे समितीने १९९१ मध्ये प्राथमिक स्तरासाठी भाषा, गणित व परिसर अभ्यास यांच्या किमान अध्ययन पातळ्या मांडल्या. किमान ८० टक्के विद्यार्थ्यांनी किमान ८० टक्के क्षमता संपादन कराव्यात, ही अपेक्षा होती. महाराष्ट्राचा १९९५ चा प्राथमिक अभ्यासक्रम क्षमताधिष्ठित होता. तथापि क्षमता ही शिकविण्याची दिशा न राहता नोंदवहीतील रकाना बनण्याचा धोका यात होताच. २०१० मध्ये राज्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन स्वीकारले, तर २०१७ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने प्रारंभिक स्तराच्या निष्पत्ती प्रसिद्ध केल्या.

निष्पत्तीचा अर्थ तिच्या क्रियापदात असतो. निरीक्षणक्षम गुणधर्मांवरून पदार्थांचे वर्गीकरण करणे, ही सहावीची एक निष्पत्ती होय. मीठ विद्राव्य आणि वाळू अविद्राव्य, हे पाठ म्हणून दाखविणारा विद्यार्थी तेथवर पोहोचला असे म्हणता येत नाही. मालवण किनाऱ्यावरील शिक्षकाला येथे जांभ्याची तांबडी माती फार उपयोगी पडते. पावसाळ्यात गड नदीचे पाणी तांबडे झालेले मुलांनी पाहिलेले असते. त्यामुळे माती पाण्यात ‘विरघळली’, असा त्यांचा समज सहज होतो. पेला स्थिर ठेवला की गाळ तळाशी बसू लागतो. मिठाचे पाणी मात्र कितीही वेळ ठेवले तरी नितळच राहते; ते आटविले तरच मीठ परत मिळते. १९३० च्या सत्याग्रहामुळे प्रसिद्ध झालेल्या शिरोड्याच्या मिठागरांचे तत्त्व हेच. रंग बदलणे आणि विरघळणे यांतील भेद जो विद्यार्थी स्वतः करून पाहतो व न पाहिलेल्या पदार्थालाही लावतो, त्याच्याच बाबतीत ‘वर्गीकरण करतो’ हे क्रियापद सार्थ ठरते. नुसते नाव सांगणे, फरक दाखविणे आणि कारण देणे या चढत्या पायऱ्या प्रशिक्षणात अशा उदाहरणांनी उलगडाव्या लागतात. छापील विधानाच्या वाचनाने ते साधत नाही.

जिल्ह्यातील अनेक प्राथमिक शाळा लहान पटाच्या असून तेथे एका शिक्षकाकडे एकाहून अधिक वर्ग असतात. अशा शिक्षकांना विद्यार्थ्यांची उत्तरे एकत्र ताडून पाहण्याची सोय मुख्यतः केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदेतच मिळते. कुडाळ तालुक्यातील नेरूरपार येथील वसुंधरा विज्ञान केंद्रासारख्या संस्थेचे प्रयोगाधारित कार्य तिला पूरक ठरते.