बस्त्याची गाठ

लग्न ठरले, सुपारी फुटली, याद्या झाल्या, की दोन्ही घरांत एकच विषय निघतो. बस्ता कधी बांधायचा? मग एखादा सोयीचा वार धरून दोन्हीकडची दहा-पंधरा माणसे तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावी जातात. गादीवर बसून चहा होतो. नवरीच्या शालूपासून सुरुवात होते आणि मग करवलीची साडी, विहिणींच्या साड्या, मामाचा फेटा, आजोबांचे धोतर, मानपानाचे खण, टॉवेल-टोपी अशी यादी उतरत जाते. शेवटी सगळ्या कापडाचे गाठोडे बांधतात, त्याला हळदकुंकू लावतात आणि दुकानदार वर एक नारळ देतो.

हा जो 'बस्ता' शब्द आहे तो फारसी आहे. त्याचा अर्थ 'बांधलेले', म्हणजेच गाठोडे. मराठी शाळेतले मूल दफ्तर घेऊन जाते आणि उर्दू शाळेतले बस्ता घेऊन जाते. दोन्ही शब्द आपल्याकडे फारसीतूनच आले. जर म्हणजे सोने, त्यावरून जरी झाली. रेशीम, किनखाब, गज हेही त्याच वाटेने आले. मंगलाष्टकांच्या आधीची ही सगळी खरेदी आपण ज्या शब्दांत करतो, त्यातले निम्मे शब्द बाहेरून येऊन इथेच नांदू लागले आहेत. त्यांना आता कोणी परके म्हणत नाही.

शब्दांसारखेच कापडाचेही आहे. पैठण ही सातवाहनांची राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या दोन गावांचा उल्लेख आहे. तिथला माल गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जाई. पैठणपासून भडोचपर्यंत वीस दिवसांचा रस्ता होता. तेरहून जाणाऱ्या मालात कापड होते. म्हणजे ज्या भागात आपण आज बस्ता बांधायला जातो, तिथून दोन हजार वर्षांपूर्वी कापडाच्या गाठी समुद्रापलीकडे जात होत्या.

पुढे १३२७ साली मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली. त्याच्याबरोबर कारागीरही आले आणि हिमरूची कला त्यांनीच आणली, असे या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. हिमरूमध्ये सूत आणि रेशीम एकत्र विणतात. त्याचेच भावंड म्हणजे मश्रू. मश्रू हा अरबी शब्द, अर्थ 'शरीयतला मान्य असलेले'. मुसलमान पुरुषाने अंगाला निखळ रेशीम लावू नये असा दंडक. विणकराने त्यावर तोड काढली. वरची बाजू रेशमाची, झगमगीत ठेवली आणि अंगाला लागणारी बाजू सुताची केली. धर्मही सांभाळला आणि नवरदेवाची हौसही. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, या शहरात हिमरूची शेरवानी शिवून घेणे ही एके काळी लग्नघराची मोठी गोष्ट असे.

पैठणीची कथा थोडी वेगळी. तिला राजाश्रय मिळाला. पेशव्यांकडून पैठणच्या वस्त्रांना मागणी असे, आणि पुढे निजामाच्या घराण्यातही या कापडाची आवड टिकली. येवल्याला साळी, कोष्टी, खत्री विणकरांनी ही कला रुजवली. पैठणीचा पदर विणताना प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या छोट्या कांडीवर घेऊन, शेजारच्या रंगात अडकवत पुढे न्यावा लागतो. म्हणून पदरावरचा मोर उलट्या बाजूनेही मोरच दिसतो. मागे सुटे धागे लोंबत नाहीत. नक्षीप्रमाणे एका पैठणीला महिना-दोन महिने लागतात, भरगच्च पदराची असेल तर वर्षही जाते.

आणि शालू? मराठी नवरीचा शालू बनारसचा. तो विणणारे हात बहुतेक अन्सारी मुसलमानांचे. मदनपुरा, अलईपुरा या मोहल्ल्यांत बापाकडून मुलाकडे हा धंदा आला. कबीर याच शहरातला आणि याच धंद्यातला. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेतले अनेक मोमीन विणकर आपला मुलूख सोडून दक्षिणेकडे निघाले. काही मालेगावात राहिले, काही भिवंडीत. त्यांच्या मागांवरची लुगडी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत गेली. नवरीचा शालू बनारसचा आणि मानाचे लुगडे मालेगावचे, असा बस्ता कितीतरी घरांत बांधला गेला असेल. अंतरपाटामागे उभ्या असलेल्या मुलीच्या अंगावरचे कापड कोणी विणले, हे तेव्हा कोणी विचारले नाही, आणि त्यावाचून काही अडलेही नाही.

आमच्या मराठवाड्यातल्या मुस्लिम घरांत मुलाकडून नवरीसाठी जे कपडे जातात त्यांना 'बरी' म्हणतात. ताटांत मांडून, वर रुमाल झाकून ते नेतात. त्यासाठीही गादी तीच आणि दुकानदारही तोच, मारवाडी नाहीतर गुजराती. आमच्या घरच्या खरेदीला शेजारच्या काकू यायच्या, कारण त्यांना जरीची पारख होती. त्यांच्या बस्त्याला माझी आई जायची, कारण तिला भाव करता यायचा.

पण बस्त्याचा इतिहास सगळाच असा जरीकाठी नाही. त्याची एक बाजू वहीत लिहिलेली असते. एकोणिसाव्या शतकात गावातला सावकार पुष्कळदा धान्याचा आणि कापडाचाही व्यापारी असे. मुलीचे लग्न निघाले की कापड उधारीवर यायचे आणि आकडा वहीत चढायचा. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर चालून जाऊन कर्जरोखे आणि वह्या जाळल्या. हेच ते दख्खनचे दंगे. शेतकरी लग्नात उधळपट्टी करतो म्हणून बुडतो, असे त्या काळी सरसकट बोलले जाई. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने मात्र लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे, असे मत दिले. कारणे सारा, दुष्काळ, व्याज आणि कोर्टाचे हुकूमनामे यांतही होती. आजही एखाद्या शेतकऱ्याच्या घरी दुःखद घटना घडली की 'पोरीच्या लग्नात खर्च केला असेल' असे पटकन म्हटले जाते. ते म्हणणाऱ्याने हा अहवाल आठवावा.

तरीही खर्चाचे ओझे खोटे नव्हते. महात्मा फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह लागला, भटजीविना आणि फार थोड्या खर्चात. पुढे स्वदेशीचे वारे आले. १९०५ साली पुण्यात आणि १९२१ साली मुंबईत परळला परदेशी कापडाची होळी झाली. लग्नाच्या साडीतही खादी शिरली. १९४२ च्या मार्चमध्ये इंदिरा गांधींनी लग्नात नेसलेली गुलाबी साडी खादीची होती आणि तिचे सूत पंडित नेहरूंनी तुरुंगात कातलेले होते. देशातले एवढे मोठे घर, पण त्या साडीची किंमत तिच्या सुतात होती, जरीत नव्हती.

या सगळ्यात नवरी कुठे होती? जुन्या बस्त्यात ती नसायचीच. आठ-नऊ वर्षांच्या मुलीची पसंती कोण विचारणार? १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा केले, १९७८ साली ते अठरा झाले. वय वाढले, शाळा वाढली, तशी नवरी हळूहळू दुकानाच्या पायरीपर्यंत आली. आधी ती कोपऱ्यात मान खाली घालून बसे आणि कोणी विचारलेच तर 'तुम्ही घ्याल ते' म्हणे. आज ती स्वतः साडी उलगडून पाहते आणि 'हा रंग नको' असे सांगते. माझ्या मते बस्त्याच्या इतिहासातला सर्वात मोठा बदल हाच.

नवरी गादीवर आली, पण विणकर मात्र अजून बाहेरच आहे. बनारसच्या कापडाला २००९ मध्ये आणि पैठणीला २०१०-११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधी १९८५ मध्ये ठरावीक कापड हातमागासाठी राखून ठेवणारा कायदाही झाला. तरी यंत्रमागावरची नक्कल त्याच नावाने, त्याच कपाटातून विकली जाते. यंत्रमागावरचा कामगारही कष्टकरीच आहे, त्याच्या पोटावर पाय द्यावा असे मी म्हणत नाही. म्हणणे एवढेच की सुताला सूत म्हणावे आणि रेशमाला रेशीम. यंत्रावरच्या साडीला हातमागाची किंमत पडू लागली की हातमागावरच्या माणसाचा मुलगा मागावर बसत नाही. ज्याने शंभर शालू विणले, त्याच्या मुलीच्या अंगावर लग्नात त्यातला एकही नसतो, ही गोष्ट तर कुठल्याच मानांकनाने बदललेली नाही.

येत्या लगीनसराईत तुम्ही बस्त्याला जाल. ऐपतीबाहेर जाऊ नका, आणि मुलीला आधी विचारा. पैठणी घेणार असाल तर पदर उलटा करून पाहा. मागे सुटे धागे दिसले तर तिला हातमागाची किंमत देऊ नका. ती कुठल्या गावची, कोणाच्या मागावरची, हे दुकानदाराला विचारा. त्याला ठाऊक नसेल तरी विचारा. दहा गिऱ्हाइकांनी विचारले की अकराव्यासाठी तो माहिती काढून ठेवतो. त्या निमित्ताने विणणाऱ्याचे गाव तरी बस्त्यात बांधले जाईल.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)