जन्मतिथी आणि जन्मतारीख



आपल्या आजीला वय विचारले तर ती तारीख सांगत नसे. ‘तान्ह्या पोळ्याची, मोठा पूर आला त्या सालची,’ असे काहीतरी सांगायची. घरात तेवढे पुरत होते. धर्मातही तिथीच चालते. भगवान महावीरांचे जन्मकल्याणक आपण चैत्र शुद्ध त्रयोदशीला करतो, मग इंग्रजी तारीख कोणतीही येवो. आपला वीर निर्वाण संवत तर जन्मापासून नव्हे, इ. स. पूर्व ५२७ च्या निर्वाणापासून मोजतात.

तारीख लागली ती सरकारला. आपल्या विदर्भात जुन्या जन्मनोंदी कोतवाल बुकात सापडतात. बारसे नंतर व्हायचे, म्हणून पुष्कळ नोंदींत वडिलांचे नाव आणि ‘मुलगी’ एवढेच असते. तारीख आहे, तिचे नाव नाही.

पुढे शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मुलीच्या लग्नाचे वय किमान १४ ठरले, १९७८ मध्ये ते १८ झाले. पण वय सिद्ध करायला तारीख हवी ना!

शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून लिहीत. म्हणून तर महाराष्ट्रात दरवर्षी ३१ मे रोजी इतके कर्मचारी एकदम निवृत्त होतात. मुलांना निदान तेवढी तरी तारीख मिळाली. शाळेत न गेलेल्या बाईच्या आधार कार्डावर अंदाजाचेच वर्ष आले. आता लाडकी बहीण योजना वयाच्या ६५ पर्यंत, श्रावणबाळ ६५ नंतर. वर्ष चुकले की एक मदत लवकर बंद होते, नाहीतर दुसरी उशिरा सुरू होते.

मी वाणिज्य शाखेची. तारीख आणि नाव नसलेली नोंद वहीत चालत नाही, हे तिथेच शिकले. १९६९ च्या कायद्याने जन्म २१ दिवसांत कळवायचा असतो. नाव ठरले नसेल तर वर्षभरात विनाशुल्क आणि पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून चढवता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना तर शाळाप्रवेशापासून विवाहनोंदणीपर्यंत जन्मदाखलाच पुरावा आहे.

तेव्हा आपल्या मुकुटबनात नात जन्मली की तिथी घरच्या वहीत लिहा, पूजेला लागेल. पण बारशाचे पेढे वाटून झाले की ग्रामपंचायतीत जाऊन तिचे नावही चढवून या.