शिमग्याचा होम
* होम : ही टीप ज्या लेखाला जोडली आहे, त्याच्या लेखकाने दोन दिवसांच्या अंतराने शिमग्याचे दोन होम पाहिल्याचे म्हटले आहे; यात चूक नाही. रत्नागिरी जिल्ह्यात फाल्गुन शुद्ध पंचमीपासून रोज लहान होळ्या लागतात; मोठा होम मात्र 'तेरसे' शिमग्याच्या गावांत त्रयोदशीला, तर 'भद्रे'च्या गावांत पौर्णिमेच्या सुमारास. आंब्याचे किंवा सुरमाडाचे झाड गावकरी खांद्यावरून आणून उभे करतात, भोवती गवत-लाकडे रचतात. ग्रामदेवतेची पालखी येते, गाऱ्हाणे होते, मग मानकरी अग्नी देतात. आगीत टाकलेले नारळ तरुण पोरे धगीतून ओढून काढतात. काळ्याठिक्कर करवंटीतले ते धुरकट खोबरे म्हणजे प्रसाद. मुंबईचे चाकरमानी गणपतीइतक्याच ओढीने या रात्रीसाठी गावी येतात. होम पाहायला जाणाऱ्या वाचकांनी गाव तेरशाचे की भद्रेचे, हे आधी विचारून घ्यावे. — संपा.