क्षयरोग्याची शुश्रूषा : आरोग्यधामापासून घरापर्यंत

फलटण हें बाणगंगेच्या कांठचें जुनें नगर. नाईक निंबाळकरांचें राज्य १९४८ सालीं विलीन होऊन तें सातारा जिल्ह्यांत आलें. त्यापूर्वींच्या तीन-चार दशकांत येथील एखाद्या घरीं क्षयाचें निदान झालें म्हणजे कुटुंबापुढें दोन वाटा असत. एक वांई ओलांडून, पसरणीचा घाट चढून पांचगणीस जाण्याची. दुसरी लोणंदास आगगाडी धरून मिरजेकडे जाण्याची. पांचगणीस डॉ. रुस्तुमजी बिलिमोरिया यांनीं १९१२ सालीं बेल-एअर आरोग्यधाम उघडलें होतें. मिरजेजवळ वान्लेसवाडीस डॉ. विल्यम वान्लेस यांच्या नांवाचें आरोग्यधाम उभें राहिलें. ज्याच्या पदरीं पैसा नव्हता त्याला तिसरी वाट होती, ती घरांतल्या अंधाऱ्या खोलीची.

आरोग्यधामाची कल्पना मूळची युरोपांतली. हर्मान ब्रेमर या वैद्यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सायलेशियाच्या डोंगरांत तिचा पाया घातला. १८८२ सालीं रॉबर्ट कॉख यांनीं क्षयाचा जंतु शोधला. पण त्याला मारणारें औषध पुढें साठ वर्षें सांपडलें नाहीं. तोंवर नियम हेंच औषध होतें. सकाळ-संध्याकाळ ज्वर मोजून टिपणें, ठराविक वेळ निजणें, मोकळ्या पडवींत राहणें, सकस अन्न घेणें आणि थुंकी झांकणाच्या भांड्यांतच टाकणें, या क्रमांत महिनेच्या महिने जात. अंगाला चिकटलेला रोग एका भेटींत हटत नाहीं, त्याच्यावर रोजची नजर लागते, हा धडा येथेंच मिळाला. दोष एवढाच, कीं घरचा कर्ता पुरुष वर्षभर अंथरुणाला खिळला म्हणजे मागें चूल विझे.

१९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसीन सांपडलें, १९५२ सालीं आयसोनियाझिडचा गुण कळला. औषध हातीं आलें. पण आरोग्यधामांतील खाटा मूठभर आणि रोगी लाखांनीं. गोळी जर घरींही घेतां येते, तर डोंगर चढण्याची गरज काय, असा प्रश्न उभा राहिला. १९५६ सालीं मद्रासेंत त्याची कसोटी सुरू झाली. १९३ गरीब रोग्यांची, चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें, दोन गटांत वांटणी करण्यांत आली. एक गट आरोग्यधामांत, दुसरा आपल्या दाटीवाटीच्या घरीं. औषधें दोघांनाही तींच. आरोग्यधामांतल्यांना विश्रांति अधिक, जेवणही पुष्कळ चांगलें. वर्षाअखेर त्यांतील शेंकडा ९२ जणांचा रोग शमला, घरच्यांत शेंकडा ८६ जणांचा. पांच वर्षांनीं पाहतां दोन्ही गट जवळजवळ बरोबरीस आले. रोगी घरीं राहिल्यानें घरच्या मंडळींस अधिक लागण झाल्याचेंही दिसलें नाहीं.

या निकालानें आरोग्यधामांचा काळ सरत आला. पण त्यावरून नुसतें घर पुरेसें आहे असें समजूं नये. मद्रासेंत घरच्या रोग्यांवर लक्ष होतें. परिचारिका न सांगतां दारीं येत, उरलेल्या गोळ्या मोजीत. लघवी तपासून औषध पोटांत गेलें कीं नाहीं हें पाहिलें जाई. डोंगरावरची हवा घरीं आली नव्हती, डोंगरावरची शिस्त आली होती. ती सुटली म्हणजे काय होतें हेंही लवकरच दिसलें. दोन महिन्यांत खोकला थांबे, अंगीं मांस भरे, रोगी गोळ्या सोडी, आणि उरलेले जंतु औषधाला जुमानीनासे होत. १९६२ सालच्या राष्ट्रीय योजनेनें जिल्ह्याजिल्ह्यांत क्षयकेंद्रें काढण्याचें ठरविलें. १९९७ सालापासून दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत गोळी घेण्याचा नियम आला, तो याच अनुभवांतून.

फलटणच्या भागांत ही गोष्ट आजही जुनी झालेली नाहीं. ऊसतोडणीसाठीं परजिल्ह्यांतले मजूर येतात. गळिताचा हंगाम चार-सहा महिन्यांचा, साध्या क्षयाचा उपचारही सहा महिन्यांचा. गांवीं सुरू केलेली गोळी फडावर कोण देणार, आणि फडावर सुरू केलेली गांवीं कोण मोजणार, यावर त्या माणसाचें जगणें अवलंबून असतें. बेल-एअर पुढें रेडक्रॉसकडे गेलें आणि एचआयव्हीच्या रोग्यांची शुश्रूषा करूं लागलें. त्या रोगांतही गोळी रोज, आणि जन्मभर घ्यावी लागते. रोग निराळा, औषध निराळें. रोग्याची विचारपूस करणारें माणूस मात्र दोन्हीकडे लागतेंच.