म्युनिकचे पोलीसप्रमुख

१९७२ सालच्या म्युनिक ऑलिंपिकविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले, त्यात ‘ब्लॅक सप्टेंबर’चे हल्लेखोर, मृत्युमुखी पडलेले अकरा इस्रायली खेळाडू व प्रशिक्षक आणि इस्रायलने पुढे घेतलेला सूड यांची चर्चा पुष्कळ आहे. त्या शहराचे पोलीसप्रमुख मान्फ्रेड श्रायबर मात्र बहुधा ‘अकार्यक्षम’ या एका शब्दात निकालात निघतात. ज्यांनी शासकीय नोकरीत एखाद्या मोठ्या यात्रेचा किंवा मंत्र्यांच्या दौऱ्याचा बंदोबस्त जवळून पाहिला आहे, त्यांचे एवढ्याने समाधान होऊ नये.

श्रायबर मूळचे कायद्याचे अभ्यासक. १९६३ च्या अखेरीस, वयाच्या ३७ व्या वर्षी, ते म्युनिकचे पोलीसप्रमुख झाले. आदल्या वर्षी जून महिन्यात श्वाबिंग या विद्यार्थ्यांच्या व कलावंतांच्या वस्तीत, रस्त्यावर गिटार वाजवणाऱ्या तरुणांना हटवण्यावरून दंगल उसळली होती आणि पोलिसांनी सलग काही रात्री लाठ्या चालवल्या होत्या. नाझी राजवट संपून तेव्हा जेमतेम सतरा वर्षे झाली होती. जर्मन पोलिसाच्या हातातील लाठीकडे लोक कोणत्या नजरेने पाहत असतील, हे सांगायला नको. श्रायबर यांनी पोलीसदलात मानसशास्त्रज्ञ आणले, बळाआधी बोलणे हा दंडक घातला. ही पद्धत ‘म्युनिकची रीत’ म्हणून देशभर नावाजली गेली.

ऑलिंपिकच्या संयोजकांना हेच हवे होते. १९३६ चे बर्लिन ऑलिंपिक हिटलरच्या पताकांखाली झाले होते. ती आठवण पुसण्यासाठी विली डाउमे यांच्या संयोजन समितीने ‘आनंदी खेळ’ हे ब्रीद ठरवले. क्रीडाग्रामात गणवेशधारी, बंदूकधारी पोलीस दिसता कामा नये. त्यांच्या जागी सुमारे दोन हजार निःशस्त्र सुरक्षासेवक फिकट निळ्या पोशाखात वावरत होते. कुंपण इतके बेताचे होते की, रात्री उशिरा परतणारे खेळाडू दरवाजापर्यंत न जाता त्यावरूनच आत उतरत, आणि त्यांना कोणी हटकत नसे. या साऱ्या व्यवस्थेचे प्रमुख श्रायबरच होते. हे धोरण त्यांच्यावर लादले गेले, असे म्हणणे सोयीचे आहे, पण ते खरे नाही. ते त्यांच्या स्वभावाला आणि पूर्वयशाला धरूनच होते. पोलिसांचे मानसशास्त्रज्ञ गेओर्ग झीबर यांनी संभाव्य संकटांचे २६ आराखडे लिहून दिले होते. एकविसाव्यात पहाटे कुंपण ओलांडून इस्रायली निवासात शिरणारे सशस्त्र पॅलेस्टिनी होते, असे त्यांनी पुढे सांगितले. उत्सवाच्या तयारीत असली कागदपत्रे कोणत्या फायलीत जातात, हे आपल्याला ठाऊक आहे.

५ सप्टेंबरच्या पहाटे आठ जणांनी ते कुंपण ओलांडले. दोन इस्रायलींचा बळी गेला, नऊ ओलीस धरले गेले. मागणी होती दोनशेहून अधिक कैद्यांच्या सुटकेची. इस्रायलने ती साफ नाकारली. यानंतरचे अठरा-वीस तास हा माझ्या मते या प्रकरणाचा खरा गाभा आहे.

म्युनिकचे पोलीस तेव्हा शहराचे होते. कायदा-सुव्यवस्था हा विषय बव्हेरिया राज्याचा, म्हणून राज्याचे गृहमंत्री ब्रूनो मेर्क तेथे आले. पाहुणे परदेशी आणि अब्रू साऱ्या देशाची, म्हणून संघराज्याचे गृहमंत्री हान्स-डीट्रिख गेन्शरही आले. पण पोलिसांना हुकूम देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. तिघे तीन पातळ्यांवरचे. शिवाय आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज यांचे लक्ष खेळ कसे चालू राहतील याकडे. ओलीस जिवाच्या आकांताने बसले असताना थोड्याच अंतरावर स्पर्धा रंगत होत्या. त्या थांबल्या दुपारी चारच्या सुमारास. श्रायबर, मेर्क, गेन्शर यांनी ओलिसांच्या बदल्यात स्वतःला देऊ केले, हे त्यांच्या पदरात टाकलेच पाहिजे. ती तयारी हल्लेखोरांनी धुडकावली.

मग खेळाडूंचे ट्रॅकसूट घातलेले पोलीस बंदुका घेऊन छपरावर चढले. दूरचित्रवाणीचे कॅमेरे ते दृश्य जगाला दाखवत होते, आणि दूरचित्रवाणी संच इमारतीतल्या खोल्यांमध्येही होते. बेत सोडून द्यावा लागला.

रात्री हेलिकॉप्टरने सर्वांना फ्युर्स्टनफेल्डब्रुकच्या लष्करी विमानतळावर नेण्यात आले. हल्लेखोर चार-पाच असावेत, या अंदाजावर तेथे पाच नेमबाज ठेवले होते. ते साधे पोलीस होते. त्यांच्याकडे बिनतारी संच नव्हते, अंधारात पाहण्याची दुर्बीण नव्हती. क्रीडाग्रामातून निघताना हल्लेखोर आठ मोजले गेले, पण तो आकडा विमानतळावर पोचला नाही. विमानात कर्मचाऱ्यांच्या वेशात बसवलेल्या पोलिसांनी आपापसांत ठरवून जागा सोडली. चिलखती गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास आल्या. नऊही ओलीस, एक पोलीस आणि पाच हल्लेखोर मरण पावले. त्याआधी सरकारी प्रवक्त्याने सुटकेची आनंदवार्ता देऊन टाकली होती.

श्रायबर यांच्याविरुद्ध निष्काळजीपणाची चौकशी झाली, खटला उभा राहिला नाही. ते १९८३ पर्यंत पदावर राहिले. पद टिकले म्हणून दोष नव्हता, असा अर्थ कोणी काढू नये. संख्या कळवणे, संच देणे, गाड्या वेळेवर बोलावणे ही मंत्र्यांची कामे नव्हेत, ती पोलीसप्रमुखाचीच. पण ज्याला दहा वर्षे ‘पोलीस दिसू देऊ नका’ म्हणून शाबासकी मिळाली, त्याच्याकडून एका रात्रीत लष्करी कारवाईची अपेक्षा कोणी आणि कशाच्या बळावर केली, हा प्रश्न त्या दोन मंत्र्यांना फारसा कोणी विचारला नाही. गेन्शर पुढे दीर्घकाळ परराष्ट्रमंत्री झाले.

खेळ ३४ तासांनी पुन्हा सुरू झाले. आपल्या हॉकी संघाने तेथे कांस्यपदक मिळवले. जर्मनीने त्याच महिन्यात उलरिश वेगेनर यांच्या हाताखाली ‘जीएसजी ९’ हे खास दल उभारण्याचा निर्णय घेतला. हे वेगेनर म्युनिकला गेन्शर यांच्यासोबत होते. १९७७ मध्ये त्यांच्या दलाने मोगादिशूला अपहृत विमानातील ८६ ओलिसांची जिवंत सुटका केली. म्युनिकचे शहर पोलीसदल १९७५ मध्ये बव्हेरिया राज्याच्या पोलिसांत विलीन झाले. मृतांच्या कुटुंबीयांना मात्र फार थांबावे लागले: २ कोटी ८० लाख युरोंच्या भरपाईचा करार आणि जर्मन राष्ट्राध्यक्षांची क्षमायाचना यांसाठी २०२२ साल उजाडले. श्रायबर त्याआधी सात वर्षे, २०१५ मध्ये, वारले होते.