लिव्हिंग विल म्हणजे काय? शेवटच्या उपचारांचा निर्णय कोणी घ्यायचा?

आयसीयूमधून डॉक्टर बाहेर येतात आणि नातेवाइकांना विचारतात, "व्हेंटिलेटर लावायचा का?" रुग्ण बेशुद्ध आहे आणि बरे होण्याची आशा जवळपास नाही. मुलगा म्हणतो, "सगळे करा." मुलगी म्हणते, "बाबांना आता त्रास नको." खुद्द बाबांना काय हवे होते, हे कोणालाच माहीत नसते. असे प्रसंग आता अनेक घरांत येतात. यंत्रांच्या मदतीने श्वास चालू ठेवता येतो, पण तो कुठवर चालू ठेवायचा हे यंत्र सांगत नाही. लिव्हिंग विल, म्हणजेच वैद्यकीय इच्छापत्र, याच प्रश्नासाठी आहे.

लिव्हिंग विल म्हणजे नेमके काय?

पुढे कधी आपण बरे न होण्याच्या अवस्थेत गेलो आणि बोलण्याची किंवा निर्णय घेण्याची शक्ती राहिली नाही, तर कोणते उपचार द्यावेत आणि कोणते देऊ नयेत, हे शुद्धीत असताना लिहून ठेवलेले पत्र म्हणजे लिव्हिंग विल. व्हेंटिलेटर, डायलिसिस, हृदय बंद पडल्यावर छाती दाबून ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न अशा गोष्टींबद्दल त्यात लिहिता येते.

मालमत्तेचे मृत्युपत्र वेगळे. ते माणूस गेल्यावर लागू होते, तर लिव्हिंग विल माणूस जिवंत असतानाच. म्हणून ही इच्छा मृत्युपत्रात लिहून उपयोग नाही.

अरुणा शानबाग प्रकरणाने काय शिकवले?

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने अत्याचार केला. मेंदूला झालेल्या इजेमुळे त्या पुन्हा कधीच पूर्ण भानावर आल्या नाहीत. पुढची ४१ वर्षे केईएमच्या परिचारिकांनी त्यांना भरवले, स्वच्छ ठेवले, जपले.

त्यांना जबरदस्तीने भरवणे थांबवावे, अशी याचिका पत्रकार पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात केली. केईएमच्या कर्मचाऱ्यांनी तिला विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली. अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा हक्क त्यांना सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. मात्र त्याच निकालाने कडक अटींवर निष्क्रिय दयामरणाची वाट मोकळी केली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा यांचे निधन झाले.

दोन्ही बाजूंना त्यांच्याबद्दल कळवळा होता. पण अरुणा यांना स्वतःला काय हवे होते, हे कळायला कोणताच मार्ग नव्हता.

कायदा आज काय सांगतो?

'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. सन्मानाने मरण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्यात म्हटले आणि लिव्हिंग विलला मान्यता दिली. पण त्या वेळची प्रक्रिया फारच किचकट होती. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सोपी केली.

एक फरक लक्षात ठेवावा. इंजेक्शन देऊन जीव घेणे भारतात आजही गुन्हा आहे. फक्त निरुपयोगी ठरलेले उपचार थांबवण्याची किंवा सुरूच न करण्याची मुभा आहे. वेदना कमी करणे, स्वच्छता, काळजी हे शेवटपर्यंत चालूच ठेवायचे असते.

लिव्हिंग विल कसे करायचे?

- वय १८ पूर्ण हवे, मन स्थिर हवे आणि कोणाचाही दबाव नको.
- कोणत्या अवस्थेत कोणते उपचार नकोत, हे स्पष्ट लिहा. आधी फॅमिली डॉक्टरांशी बोललेले बरे.
- आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या एकाहून अधिक विश्वासू व्यक्तींची नावे द्या.
- दोन साक्षीदारांसमोर सही करा आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्या.
- एकेक प्रत नाव दिलेल्या व्यक्तींना, फॅमिली डॉक्टरांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या कस्टोडियनला द्या.

मत बदलले तर ते कधीही लेखी बदलता किंवा रद्द करता येते. गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी २०२४ मध्ये राज्यातील पहिले लिव्हिंग विल नोंदवले.

वेळ आल्यावर काय होते?

कागद दाखवला की लगेच व्हेंटिलेटर काढला, असे होत नाही. आधी रुग्णालयाचे मंडळ तपासणी करते. त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ असतात. मग दुसरे मंडळ पडताळणी करते. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला एक डॉक्टर असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे असते. नाव दिलेल्या व्यक्तींची संमती घेऊन न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवले जाते. मंडळाने नकार दिला, तर उच्च न्यायालयात जाता येते.

लिव्हिंग विल नसेल तरी नातेवाइकांच्या संमतीने हीच प्रक्रिया होते. पण तेव्हा निर्णयाचे सगळे ओझे त्यांच्यावर पडते.

मग अडचण कुठे आहे?

यावर संसदेने अजून स्वतंत्र कायदा केलेला नाही. शिवाय पैशांचा प्रश्न आहे. बिल परवडत नाही म्हणून रुग्णाला घरी नेणे आणि त्याची इच्छा म्हणून उपचार थांबवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला दुसरीचे नाव देता कामा नये. "मुलांवर भार नको" या भावनेने एखाद्या आजीने सही केली, तर ती खरेच तिची इच्छा म्हणायची का, हेही विचारायला हवे. दोन मंडळांची चाळणी अशाच शंकांसाठी आहे.

म्हणून कागदाच्या आधी बोलणे महत्त्वाचे. "असे अभद्र बोलू नये" म्हणून आपण हा विषय टाळतो आणि मग तो आयसीयूच्या दाराशी, काही मिनिटांत, घाबरलेल्या माणसांना सोडवावा लागतो. आई-वडिलांना एकदा शांतपणे विचारा आणि आपली इच्छाही त्यांना सांगा. पुढे भावंडांमध्ये वाद होणार असेल, तर तेव्हा हेच बोलणे कामी येईल.