उसने भिंग

गणपती जवळ आले की आपल्या मंडळात एक जुनी वही निघते. कोणाकडून मोठी समई आणली, कोणाचा चौरंग, कोणाची पेटी, कोणाच्या सतरंज्या, हे सारे तिच्यात लिहिलेले असते. विसर्जनानंतर वस्तू ज्याच्या त्याच्या घरी पोहोचली की नावापुढे खूण होते. चार-पाच पिढ्या महाराष्ट्राबाहेर काढलेल्या आपल्या घरांना ही उसनवारी नवी नाही. सगळे काही एकाच घरात असणे कधी शक्यच नव्हते.

त्या वहीवरून मला नेहमी एका मोठ्या उसनवारीची गोष्ट आठवते. ती आहे १९१९ सालच्या खग्रास सूर्यग्रहणाची. त्या ग्रहणाने आइन्स्टाइनचे नाव घराघरांत पोहोचवले हे आपण शाळेत वाचलेले असते. पण ज्या भिंगाने ही साक्ष दिली ते मागून आणलेले होते, आणि मोहिमेची मुख्य भिस्त त्याच्यावर नव्हतीच, हे फारसे सांगितले जात नाही.

प्रश्न असा होता. दूरच्या ताऱ्याचा प्रकाश सूर्याच्या अगदी जवळून आला तर तो किंचित वाकेल, असे आइन्स्टाइनचे म्हणणे. सूर्याच्या कडेला हे वाकणे १.७५ विकला भरेल, हे त्याने १९१५ मध्ये काढले. एका अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे विकला. न्यूटनच्या जुन्या नियमाने हिशेब केला तर उत्तर साधारण निम्मे, म्हणजे ०.८७ येत होते. दिवसा सूर्याजवळचे तारे दिसत नाहीत, म्हणून खग्रास ग्रहणाच्या काही मिनिटांतच त्यांची छायाचित्रे घ्यायची. काही महिन्यांनी सूर्य तिथून सरकला की तेच तारे रात्री पुन्हा टिपायचे आणि दोन्ही काचांवरील ठिपक्यांची जागा ताडून पाहायची. हा फरक मिलिमीटरच्या विसाव्या भागाहूनही कमी असतो. त्यासाठी भिंग उत्तम हवे, त्याचे नाभीय अंतर लांब हवे, आणि काचपट्टी मोठी हवी. असा कॅमेरा बाजारात विकत मिळत नव्हता. तो वेधशाळांकडेच असे, आणि तोही मोजक्याच.

अशा मोठ्या कॅमेऱ्यांशी आपल्या मुलखाची ओळख त्याआधीच झालेली होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातल्या जेऊर येथे कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेची तुकडी उतरली होती. प्रमुख होते विल्यम वॉलेस कॅम्पबेल. त्यांच्याबरोबर चाळीस फूट लांबीचा कॅमेरा होता. खग्रास स्थिती दोनच मिनिटांची. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नेगमवाला यांचाही तळ जेऊरलाच होता. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या त्या वेधशाळेतली वीस इंची दुर्बीण डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांच्या कारखान्यातली. १९१२ मध्ये ती कोडईकनालला गेली. कॅम्पबेल आणि ग्रब ही दोन्ही नावे या गोष्टीत पुढे पुन्हा येतात.

१९१४ मध्ये कॅम्पबेल आपले उत्तमोत्तम साहित्य घेऊन रशियात कीव्हजवळ गेले. ग्रहणाच्या वेळी ढग आले. त्यात महायुद्ध पेटलेले. माणसे कशीबशी परतली, पण सामान रशियातच ठेवावे लागले. पुढचे सोयीचे ग्रहण जून १९१८ मध्ये खुद्द अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या गोल्डनडेल येथून दिसणार होते, आणि सामान तोवर परत आलेच नाही. कॅम्पबेल यांनी ओकलंडच्या चाबो वेधशाळेकडून भिंगे मागून आणली. ढगांनी ऐन वेळी वाट दिली, छायाचित्रे मिळाली. पण ती भिंगे या कामासाठी घडवलेली नव्हती. ताऱ्यांच्या प्रतिमा हव्या तेवढ्या रेखीव उतरल्या नाहीत. सहकारी कर्टिस यांच्या मोजमापांचा कौल आधी आइन्स्टाइनच्या विरुद्ध जात होता, पण कॅम्पबेल यांचा त्यांवर भरवसा बसेना. अखेर ते निष्कर्ष छापण्याचे थांबवले गेले. उसनवारीचे हे एक टोक: वस्तू मिळाली, पण काम वेगळे होते.

दुसरे टोक इंग्लंडचे. २९ मे १९१९ रोजी सूर्य रोहिणी नक्षत्रातील तारकापुंजापुढे असणार, म्हणजे आजूबाजूला तेजस्वी तारे भरपूर, हे राजज्योतिषी फ्रँक डायसन यांनी १९१७ मध्येच दाखवून दिले होते. सरकारने उपकरणांसाठी १०० आणि प्रवासखर्चासाठी १००० पौंड मंजूर केले. पण युद्ध संपेपर्यंत कारखान्यांत नवे काम घेणे शक्य नव्हते. नोव्हेंबर १९१८ मध्ये तह झाला आणि मार्च १९१९ मध्ये बोट सुटायची होती. नवे काही घडवायला वेळच नव्हता. मग ठिकठिकाणची भिंगे गोळा झाली. ऑक्सफर्डच्या वेधशाळेने आपल्या आकाश-छायाचित्रणाच्या दुर्बिणीचे भिंग काढून दिले. ते घेऊन एडिंग्टन आणि घड्याळांचे कसबी कारागीर कॉटिंगहॅम आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर गेले. ग्रिनिचच्या तशाच दुर्बिणीचे भिंग घेऊन क्रॉमलिन आणि डेव्हिडसन ब्राझीलमधील सोब्राल येथे गेले. दुर्बिणीचे अवजड बैठे सांगाडे बोटीतून नेणे शक्य नव्हते. म्हणून नळी जमिनीवर आडवी ठेवायची आणि घड्याळाच्या यंत्राने सावकाश फिरणाऱ्या आरशातून आकाश तिच्यात आणायचे, अशी योजना होती.

निघण्याआधी फादर कॉर्टी या जेझुइट ज्योतिर्विदांनी एक सूचना केली. रॉयल आयरिश अकादमीच्या मालकीचे चार इंची भिंग आणि त्याचा आठ इंची आरसा मागून घ्यावा, राखीव म्हणून सोबत असू द्यावा. भिंग ग्रब यांच्या कारखान्यातले. एकोणीस फूट लांबीची त्याची चौकोनी लाकडी नळी कॉर्टी यांनी स्वतः १९१४ मध्ये स्वीडनमधील ग्रहणाला वापरली होती. अकादमीने भिंग दिले. सोब्रालच्या सामानात ते बांधले गेले.

सोब्रालला घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर तळ पडला. सकाळी ढग होते, पण खग्रास सुरू होण्याच्या जरा आधी सूर्याभोवतीचे आकाश मोकळे झाले. पाच मिनिटांच्या काळोखात मोठ्या भिंगाने १९ आणि उसन्या भिंगाने ८ काचा टिपल्या. त्याच रात्री मोठ्या भिंगाच्या पहिल्या काचा धुतल्या तेव्हा डेव्हिडसन यांच्या लक्षात आले की प्रतिमा पसरट आल्या आहेत. आदल्या रात्री नीट जुळवलेला नाभी बिघडला होता. उन्हाच्या तापाने आरसा असमान प्रसरण पावला असावा, असा त्यांनी निष्कर्ष काढला. तिकडे प्रिन्सिपेला सकाळी वादळी पाऊस, नंतर ढग. एडिंग्टन यांच्या १६ काचांपैकी दोनच कामाच्या निघाल्या, प्रत्येकीवर पाच तारे.

राहिले ते आयर्लंडचे राखीव भिंग. त्याच्या आठांपैकी सात काचांवर सात-सात तारे स्वच्छ उमटले होते. तुलनेसाठी हेच तारे पहाटेच्या आकाशात पुन्हा टिपायला हवे होते, म्हणून तुकडी जुलैपर्यंत ब्राझीलमध्येच राहिली आणि त्याच जागी, त्याच नळीतून काचा घेऊन परतली. मोजमापांचे आकडे असे आले: चार इंची भिंग १.९८, प्रिन्सिपे १.६१, आणि सोब्रालचे मोठे भिंग ०.९३.

खरी कसोटी इथे होती. बिघडलेल्या भिंगाचा आकडा न्यूटनच्या बाजूला झुकत होता. तो सोडला तर आइन्स्टाइन जिंकतो, धरला तर चित्र धूसर होते. डायसन यांनी त्याला फार कमी वजन दिले, पण तो लपवला नाही. कारणासकट तो अहवालात छापला. ६ नोव्हेंबर १९१९ रोजी लंडनमध्ये निकाल जाहीर झाला. आपल्याला हवा तोच आकडा इंग्रजांनी निवडला, असा आक्षेप पुढे बरीच वर्षे घेतला गेला. १९७९ मध्ये ग्रिनिचला त्याच काचा नव्या यंत्रावर पुन्हा मोजल्या. उसन्या भिंगाचे उत्तर १.९० आले, आणि बदनाम झालेल्या मोठ्या भिंगाचे १.५५. म्हणजे दोष काचांत होता तेवढाच जुन्या मोजण्याच्या रीतीतही होता, आणि डायसन यांचा अंदाज बरोबर दिशेने होता. साठ वर्षांनी ही शहानिशा होऊ शकली, कारण नकोसा आकडाही नोंदलेला होता आणि काचा जपून ठेवलेल्या होत्या.

कॅम्पबेल यांनी हार मानली नाही. १९२२ मध्ये ते ऑस्ट्रेलियात वॉलाल येथे गेले, या वेळी याच कामासाठी बनवलेले कॅमेरे घेऊन. उत्तर आले १.७२. जेऊरच्या माळावर चाळीस फुटी नळी रोवणाऱ्या माणसाने चोवीस वर्षांनी हा वाद जवळजवळ मिटवला.

आणखी एक धागा आपल्या अगदी जवळचा. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर एडिंग्टन यांच्या केंब्रिजमध्ये शिकले आणि १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्रमुख झाले. गंगेकाठी त्यांनी सापेक्षतेच्या अभ्यासाची शाळाच उभी केली. त्याच मराठी घरात, महाराष्ट्रापासून दूर, जयंत नारळीकर लहानाचे मोठे झाले.

प्रिन्सिपे आणि सोब्रालची भिंगे काम झाल्यावर ज्याची त्याला परत गेली. अहवालात ऑक्सफर्डचे, ग्रिनिचचे, आयरिश अकादमीचे ऋण नावानिशी नोंदलेले आहे. गोल्डनडेलची उसनवारी फसली आणि सोब्रालची फळली, यात नशिबाचा वाटा आहेच. पण कॉर्टी यांना ते भिंग नेमके काय करू शकते हे ठाऊक होते, कारण त्यांनी ते स्वतः वापरले होते. मागणाऱ्याला आणि देणाऱ्याला वस्तूची अशी ओळख असेल, तर उसनी वस्तू परकी राहत नाही.

या वर्षी मंडळाच्या वहीत आपल्या घरची वस्तू लिहिताना ती कशी वापरायची, कशी सांभाळायची, हेही दोन ओळींत लिहावे, अशी माझी विनंती आहे. आजीच्या समईची वात किती जाड लागते, हे ठाऊक असणारी माणसे आपल्यात आता थोडीच उरली आहेत.